पहिलीचा दाखला

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आले एकदाची! दोन ट्रंका, एक शिलाई मशीन, पुस्तकांची चार खोकी आणि अडतिसाव्या वर्षी नवीकोरी झालेली गृहिणी, असा सगळा माल टेम्पोतून उतरला. दुकान बंद ठेवून हे दारातच उभे होते. टेम्पोवाल्याला म्हणाले, मशीन सांभाळून आण आणि बायको त्याहून सांभाळून. तो फिदीफिदी हसला, मी लाजले. या वयात आपल्याला लाजता येतं हे मला माहीतच नव्हतं. आईच्या आजारपणात माझी सगळी वर्षं गेली. ती गेल्यावर वाटलं होतं, आता शाळा, घर, शाळा. आणि बघा!

खाली यांचं औषधांचं दुकान, वर आम्ही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्यावर झुकलेला छोटा सज्जा. जिन्यात खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास कायमचा मुरलेला. घर इतकं नेटकं की मलाच पाहुण्यासारखं वाटलं. समोर एक शिंपी बसतो, शेजारी एक काकू राहतात. त्यांनी गॅस पेटायच्या आत चहा आणून दिला.

पहिलीचं, म्हणजे यांच्या पहिल्या बायकोचं, घरात काही नाही. फोटो नाही, कंगवा नाही, साधी केसांची पिनही नाही. पाच वर्षांपूर्वी ताप डोक्यात गेला आणि इस्पितळात गेली, एवढंच यांनी सांगितलंय. आनंद व्हायला हवा ना? पण माझा स्वभाव मेला जळका. लहानपणी ताईच्या नव्या दप्तरावर जळायचे, आता मेलेल्या बाईवर. भिंतीवर एका चौकोनात रंग उजळ राहिलाय. तिथे काय होतं ते विचारलं. हे म्हणाले, कॅलेंडर. कॅलेंडर एवढं मोठं असतं?

१० नोव्हेंबर, सोमवार

लग्न चार माणसांत उरकलं, पण नोंदणी राहिलीय. ती झाल्याशिवाय इथल्या शाळेत बदली मिळणार नाही. नोंदणीला यांच्या पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला लागतो. सकाळी विषय काढला, तर म्हणाले, असेल कुठेतरी, बघू, घाई काय आहे. मी म्हटलं, घाई मला आहे, बिनपगारी रजेवर किती दिवस बसू? त्यावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

दाखला असा हरवत नाही. आईच्या वेळी मीच सगळं केलं होतं. इस्पितळाचा कागद, स्मशानाची पावती, मग पालिकेची खिडकी. माझ्याकडे तिच्या दाखल्याच्या इतक्या प्रती आहेत की कपाटाच्या खणात अंथरता येतील. मग यांच्याकडे एकही नसावी? मला काय वाटतं ते लिहिते. यांना तो कागद नकोच आहे. कागद हातात आला की ती खरंच मेली. अजून जीव अडकलाय तिच्यात, दुसरं काय!

बाकी माणूस प्रेमळ. दुकानातून दर थोड्या वेळाने जिन्याखाली येऊन हाक मारतात. काय चाललंय, असं विचारतात. मी ओ दिली की परत जातात. आयुष्यात माझी इतकी विचारपूस कुणी केली नव्हती. तिलाही अशीच हाक मारायचे का, हा विचार आला आणि भाजी करपली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

यांना न सांगता पालिकेत जाऊन आले. जन्म-मृत्यू विभाग पहिल्या मजल्यावर, लांबलचक दालन, भिंतीला लागून बाकं. एका खिडकीवर पेढे वाटल्यासारखे चेहरे, शेजारच्या खिडकीवर आम्ही. कारकून चष्मेवाला, सभ्य. मी घाईघाईत बोलून गेले, यांच्या पहिलीचा दाखला हवाय. तो म्हणाला, बाई, पहिलीचा दाखला शाळेत मिळतो. मागची रांग हसली, मीही हसले.

मग त्याने शोध घेतला. पाच वर्षांपूर्वीचं साल पाहिलं, त्याच्या अलीकडचं, पलीकडचंही पाहिलं. नावाची अक्षरं उलटसुलट करून पाहिली. नोंद नाही. म्हणाला, इस्पितळात आणि स्मशानात विचारा. तिथे कागद निघाला तर उशिराची नोंद करता येते.

नोंद नाही म्हणजे काय? माणूस मेलं की कुठेतरी लिहिलं जातंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

इस्पितळात नाही. स्मशानातला राखणदारही नाही म्हणाला. त्याला वाटलं मी रडेन, म्हणून स्टूल पुढे केलं. मी रडले नाही, रागाने लाल झाले होते.

येताना शेजारच्या काकूंना गाठलं. ती कशी गेली हो, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. काकू म्हणाल्या, अगं गेली म्हणजे गेली, एका संध्याकाळी गेली ती गेलीच. मी म्हटलं, म्हणजे वारली ना? काकूंनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाल्या.

सोळा वर्षं भाषा शिकवतेय मी. ‘गेली’सारखा चोरटा शब्द दुसरा नाही. मेलेली बाईही गेली आणि पर्स घेऊन घराबाहेर पडलेली बाईही गेली.

ती जिवंत आहे. हे तिला भेटतही असतील. आणि मी कोण मग?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा पालिकेत गेले. मी खिडकीशी पोचायच्या आतच तिथले शिपाईदादा म्हणाले, बाई, तुम्ही विचारता त्याच नावासाठी आणखी एक बाई येते. रोज येते, शेवटच्या बाकावर बसते. तुमच्या नात्यातली का?

मी वळून पाहिलं. ती बसली होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल, पण देखणी. लांब मान, निमुळते हात, फिकट हिरवे कपडे. नुकतीच न्हाऊन आल्यासारखे केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले. असे केस मला जन्मात मिळाले नाहीत. मृत्यूच्या खिडकीसमोर बसून मी एका बाईच्या केसांवर जळत होते!

बोलायचं धाडस झालं नाही. घरी आले तेव्हा हे जिन्यातच उभे होते. म्हणाले, मघाशी हाक मारली, ओ आली नाही. मी म्हटलं, भाजी आणायला गेले होते. पिशवीत पाहिलं त्यांनी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज तिच्या शेजारी जाऊन बसले. बाक थंडगार होतं. तिने मान न वळवता हळू आवाजात विचारलं, जिन्याखालून अजून हाक मारतात का?

ती हाक माझी होती! या घरात फक्त माझं असं तेवढंच होतं, आणि तेही उष्टं निघालं. मी म्हटलं, मारतात, आणि मी ओ देते. ती म्हणाली, देत जा. मी एकदा दिली नाही.

मग मला आवरेना. सगळ्यांसमोर तिला बोलले. म्हटलं, तू मेलीस असं सांगितलंय मला, आणि तू इथे खुशाल केस सोडून बसलीस? तुझा दाखला मिळेना म्हणून माझा संसार अडलाय. ती अजिबात चिडली नाही. म्हणाली, मीही त्यासाठीच येते. पण माहिती द्यायला दुसरं माणूस लागतं, आपलं आपण सांगितलेलं चालत नाही म्हणतात.

माझी टिंगल करत होती. मी तरातरा निघाले. शिपाईदादा बाकाखाली पोछा मारत पुटपुटत होते की रोज इथेच पाणी कुठून येतं कळत नाही.

आज हे जेवले की सोक्षमोक्ष लावणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जमेल तसं लिहिते.

काल यांना म्हटलं, ती जिवंत आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. आधी सोडचिठ्ठीचे कागद आणा, नाहीतर मी माझी मशीन घेऊन परत जाते. हे हसले. म्हणाले, तुला भास झाला. मी म्हटलं, हिरवे कपडे, लांब मान, पाठभर केस. हसू थांबलं.

मी थांबले नाही. म्हटलं, तुमचा जीव अजून तिच्यातच आहे, माझ्यात नाहीच. तेव्हा माझा हात हातात घेतला. इतक्या मायेने कधीच घेतला नव्हता. म्हणाले, वेडे, तिचं कशाला मनाला लावून घेतेस? ती येणार नाही. त्या दुपारी हाक मारली, ओ आली नाही. समोरच्या शिंप्याकडे उभी होती, हसत. संध्याकाळी फिरायला नेली, दगडाच्या खाणीतल्या तळ्यावर. बुडबुडे थांबेपर्यंत मी काठावर उभा होतो. आता पटलं? तुझ्याशिवाय मला कुणी नाही.

खरं लिहायचं तर लिहिते. ते ऐकून पहिल्यांदा मला बरं वाटलं. हायसं वाटलं. ती नाही, मीच आहे, असं वाटलं. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं मी. चांगला वेळ तशीच बसले.

मग बाक आठवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हे दुकानात शिरताच मागच्या दाराने निघाले. शेवटचं बाक रिकामं. खाली पाणी. बोट लावलं तर हिरवट, शेवाळाचा वास —

कारकुनाला विचारलं, माहिती मी दिली तर चालेल का? मला ठाऊक आहे तिचा देह कुठे आहे ते. त्याने चष्मा काढला. म्हणाला, बाई, देह सापडला नसेल तर आधी पोलिसांत जा, मी बरोबर येतो, खाली दोन मिनिटं थांबा. भला माणूस.

खाली उतरले. फाटकात हे उभे. दुकान सोडून आलेले.

त्यांनी विचारलं, तो चष्मेवाला कोण? काय हसत होतीस त्याच्याशी?

मी हसत नव्हते. देवाशप्पथ हसत नव्हते. कारकून खाली उतरायच्या आतच मनगट धरून आणलं घरी. रस्त्यात ओळखीचे भेटले की सांगत होते, हिला बरं नाही.

२१ नोव्हेंबर

ताप आहे. की पुडीने आलाय? सकाळी एक, संध्याकाळी एक, स्वतःच्या हाताने देतात. जीभ वर करून दाखवावी लागते.

दार बाहेरून बंद. मोबाइल दुकानात, चार्जिंगला ठेवलाय म्हणे.

काकू आल्या होत्या, दाराशीच आवाज ऐकला. हे सांगत होते, ताप डोक्यात जाऊ नये म्हणजे मिळवली. मी ओरडले. आवाज फुटला नाही, नुसती हवा.

हाक मारतात जिन्याखालून. मी ओ देते. प्रत्येक हाकेला देते.

२४ नोव्हेंबर?

यांचे डॉक्टर मित्र आले. नाडी पाहिली. माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघत होते. मी सांगितलं सगळं — तळं, खाण, बुडबुडे. ते म्हणाले, भ्रम आहे, वाढेल.

ती आली आहे. पायथ्याशी बसते. चादर ओली होते तिथे. काही करत नाही, बोलत नाही. मी तिला म्हटलं, पोलिसांत तू जा. तिने नुसते हात पुढे केले, रिकामे.

हे आत आले की तिच्यातून बघतात. हाक आली की मी धडपडून ओ देते, ती हलतही नाही. हेवा वाटतो मला तिचा. अजूनही वाटतो. तिला हाक ऐकू येत नाही.

तारीख लिहीत नाही

उजेड आहे. दुपार असेल. वही गादीखाली होती, पेन्सिलीचं टोक —

हे बाहेरच्या टेबलाशी बसलेत. दार उघडं. नवा अर्ज आणलाय पालिकेतून. म्हणाले, तुझं चुकलं नव्हतं. मागच्या वेळी एक कागद ठेवला नाही, त्याचा हा सगळा ताप. या वेळी सगळं रीतसर.

तिथूनच विचारताहेत. गोड आवाजात. आईचं पूर्ण नाव? मी सांगितलं. वडिलांचं? सांगितलं. सांगितलं नाही तर उठून येतील. जन्मगाव. शिक्षण. नावात दीर्घ की ऱ्हस्व, विचारलं. दीर्घ. चूक नको म्हणाले, दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.

मृत्यूचं कारण डॉक्टरांनी आधीच भरलंय.

ती उठून दाराशी उभी राहिलीय. पहिल्यांदाच. माझ्या आणि त्यांच्या मध्ये. पण ती पाण्यासारखी आहे, तिच्यातून सगळं दिसतं. चमचा ढवळताहेत. पेला. टेबलावर पेन झटकलं.

म्हणतात, सगळं झालं, तेवढी तारीख राहिली. आज किती तारीख गं?

मी माहीत नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. मी ओ देत नाही. या वेळी नाही. खुर्ची सरकली. जवळ येताहेत, ती बाजूला होत नाही, ते तिच्यातून सरळ —

म्हणतात, राहू दे, मीच टाकतो आज