हजार तास अळणी

६ जानेवारी २०२५
मोहटादेवीला बोलले – मधूचं यंत्र पुरं चालेपर्यंत ह्या घरात मीठ नाही! बरणी कुलपात. पोरीची पुण्यातली पीएच.डी. ह्या एका यंत्रावर अडकलीय. मार्चनंतर फेलोशिप बंद.

७ जानेवारी
हे ओरडले, "नवस तू बोललीस, माझी आमटी का अळणी?" म्हटलं, दोन आमट्यांना गॅस काय फुकट येतो?
मधूला फोनवर विचारलं, किती चालवायचं गं? "हजार तास, आई." भागाकार केला. बेचाळीस दिवस! मला वाटलेलं आठ-दहा. आता देवीशी घासाघीस कशी करू?

१२ जानेवारी
मधूने पुन्हा समजावलं. फ्युएल सेल म्हणतात त्याला. हायड्रोजन नि हवा सोडायची, वीज होते, पाणी निघतं. हे सगळं घडतं प्लॅटिनमच्या भुकटीवर. एवढं महाग, आणि वापरता वापरता झिजतं! म्हणून मधू त्यावर आयनिक लिक्विडचा हात फिरवते. मीठच ते, पण पाण्यावाचून पातळ! आपण तुरीला एरंडेल चोळतो ना, तसं. पाणी साचत नाही, हवेला वाट राहते, प्लॅटिनम थोडक्यात भागतं नि टिकतं. काटकसरीचं काम! पोर माझ्यावर गेली.
हे म्हणाले, "म्हणजे यंत्राला मीठ, आणि मला नाही?"

१७ जानेवारी
ह्यांच्या खिशात खारे दाणे! जप्त केले. वर दूधवाली राहीबाई सांगते, "ताई, सायेब आमच्याकडं चिमूटभर मीठ मागत हुते. लई केविलवानं त्वांड झालतं!"

२१ जानेवारी
आज मुकाट्याने जेवले. आमटी परत मागितली! तब्येत बरी आहे ना?

३० जानेवारी
नऊ दिवस तक्रार नाही. राहीबाईने दिलेलं लोणचंसुद्धा परत पाठवलं. ज्यांनी कधी देवीला हात जोडले नाहीत, ते हे! देवीची कृपा, दुसरं काय.

८ फेब्रुवारी
मधू आली. पहिल्याच घासाला रडायला लागली. "आई, यंत्र गेल्या महिन्याच्या वीस तारखेलाच बंद पडलं. लिक्विड पाण्याबरोबर वाहून गेलं. बाबांना तेव्हाच सांगितलं, पण म्हटलं तुला कळू देऊ नका. दुसरं परवा लावलंय."
मी ह्यांच्याकडे बघितलं. हे ताटाकडे बघत होते.

९ फेब्रुवारी
नवस फसलाच, म्हणून आज आमटीत मीठ घातलं. ह्यांनी एक भुरका घेतला आणि वाटी बाजूला सारली. "दुसरं चालू आहे ना अजून?"