पान हिरवंच राहिलं

८ डिसें., सोम.
आठवी ब. प्रकाशसंश्लेषण. फजिती झाली. जास्वंदीची कुंडी दोन दिवस कपाटात अंधारात ठेवलेली, सकाळी पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून उन्हात काढली, सगळं नीट केलं होतं. पान उकळलं, स्पिरिटच्या नळीत टाकलं, नळी गरम पाण्यात धरली. रंग उतरेचना. उकडलेल्या मेथीसारखं हिरवं ते हिरवंच. त्यावर आयोडीन टाकून काय दिसणार, कप्पाळ! पोरं खुदुखुदू.
सुटल्यावर बाटलीतलं स्पिरिट कापसावर घेऊन काडी लावली. पेटलं नाही.
पाणी आहे. कुणीतरी ओतलंय.

९ डिसें., मंगळ.
कपाटाच्या चाव्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी गंगाधरमामांकडे. मामा प्रयोगशाळेचे परिचर, आता रिटायरमेंटला आलेले. मी नांदेडहून इथं रुजू झाले तेव्हा किल्लारीत खोली त्यांनीच शोधून दिली, गादीसुद्धा स्वतः उचलून आणली.
विचारलं, "मामा, स्पिरिट असं पातळ कसं झालं?"
"उडून जातंय की मॅडम ते."
उडून गेलं तर बाटली रिकामी होईल, पाणी कसं येईल? हे नाही विचारलं. वडिलांच्या वयाचा माणूस. तुम्ही पिता का, असं कसं विचारायचं? ते नळ्या पुसत राहिले. पुसलेलीच नळी परत परत.
मुख्याध्यापकांना सांगावं? सांगितलं तर उद्याच घरी बसवतील त्यांना.

१० डिसें., बुध.
लातूरला ट्रेनिंग. येताना स्पिरिट घ्यायचं होतं, नेहमीचं दुकान बंद. मग रंगाच्या दुकानातून घेतलं, फर्निचर पॉलिशवाले वापरतात ते. नुसता प्लास्टिकचा कॅन, वर काही लिहिलेलं नाही. पानाचा रंग उतरवायला चालतंय की.
कपाटात ठेवताना मामा शेजारीच. "हे लई विषारी असतं हं मामा," एवढंच, मोघम. "हाव मॅडम, ठावं हाय." मी कपाटाकडे बघत होते, ते जमिनीकडे.

११ डिसें., गुरु.
जमलं! पान पांढरंफटक झालं, आयोडीन टाकल्यावर सगळं निळंकाळं आणि पट्टीखालचा भाग तेवढा पिवळट. पोरांनी बाकं वाजवली. मामा दारात उभे राहून हसत होते. कॅन कपाटात ठेवला, कुलूप लावलं. किल्ली मागून घ्यावी असं ओठावर आलं होतं.

१२ डिसें., शुक्र.
मामा उशिरा आले, अकराच्या सुमाराला. भिंतीला हात लावत लावत. मला वाटलं गुडघा दुखतोय. दारात थांबले आणि म्हणाले, "आज धुकं लई पडलंय बगा मॅडम."
बाहेर लख्ख ऊन. मैदानावर पोरं कबड्डी खेळत होती.
कपाट उघडलं. कॅन उचलला, हलका लागला.
"मामा, काल हे घेतलं का?" मामा भडाभडा ओकले.
मु.अ.ची गाडी काढली. वाटेत मामांची बायको सरूबाई, तिला घेतलं. तिच्या मांडीवर डोकं, श्वास कुत्र्यासारखा जोरजोरात. औसा आलं तरी मु.अ. एकच म्हणत होते, "बाहेर कुठं तरी ढोसली असंल. शाळेचं नाव काढू नका."
लातूरला हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी विचारलं, काय प्यायलेत? मु.अ. म्हणाले, देशी. बाई म्हणाल्या, "नक्की सांगा, उपचार त्यावर ठरणार आहे."
सांगितलं. स्पिरिट, रंगाच्या दुकानातलं, मी आणलेलं. "म्हणजे मिथेनॉल, डोळे जातात त्यानं," म्हणत बाई पळतच आत गेल्या. डायलिसिस लावलंय.

१३ डिसें., शनि.
जीव वाचला म्हणतात. डोळ्यांचं काही सांगता येत नाही.
सरूबाई तोंडासमोर हात हलवते. "हे काय हाय? अवो, हे काय हाय?"
बाहेर बाकड्यावर बसून मला म्हणाली, "लेकीच्या लग्नापासून सोडली हुती त्यांनी. मधी मधी वास यायचा. मीच मनाला सांगायची, शाळंतल्या औषधाचा आसंल."
तिला कळलंय की कॅन मी आणला. तरी मला चहा पाजला.

१४ डिसें., रवि.
पोलीस येऊन गेले. मामा म्हणाले, आठवत न्हाई. उद्या माझा जबाब.
मु.अ.चा फोन. "डॉक्टरला सांगितलं ते ठीक झालं, माणूस वाचला. आता पोलिसाला म्हणा, बाहेर प्याले, मला माहीत नाही. तुमची बी नोकरी हाय, मॅडम."
फोन आपटला. लई संताप.
आणि संध्याकाळी सरूबाई. तेच शब्द. "शाळंतून घेतली म्हणू नका, बाई. पेन्शन जाईल. आंधळ्या माणसाला घेऊन मी कुठं जाऊ?"
तिच्यावर कसं रागवायचं?
आईला फोन केला. म्हणाली, नांदेडला निघून ये. तेवढंच.
तो दुकानदार अजून तसले कॅन विकतोय. नाव नाही, खूण नाही.

१५ डिसें., सोम.
शाळेत गेले नाही. सकाळीच हॉस्पिटल.
पावलांवरून ओळखलं त्यांनी. "मॅडम का?"
"हाव मामा."
मग, "खिडकी कोन्या अंगाला हाय?"
"डावीकडे."
मान तिकडे वळवली. तोंडावर ऊन पडलं होतं. डोळे सताड उघडे.
"उजेड वाटायलाय थोडा," म्हणाले. मग, "का तुमी सांगितलं म्हणून वाटायलाय, त्ये कळंना."
डॉक्टरबाई म्हणतात, वाट बघू.
हे बाहेरच्या बाकड्यावर लिहितेय, डाव्या हाताने वही मांडीवर दाबून. जबाब घ्यायला पोलीस आलेत, जिन्यात बूट वाजतायत. सरूबाई शेजारी बसलीय, माझा पदर मुठीत धरून. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.