एक पिकअप बदलला की झालं

३ जून
ऑफिसच्या बँडमधला गिटारवाला बदली होऊन गेला. निवड ३० तारखेला, मग ऑफिसचा कार्यक्रम. जागा माझीच. दुसरा उमेदवार म्हणजे स्टोअरमधला चष्मिस. डोळे मिटून वाजवतो. ढोंगी.

५ जून
इलेक्ट्रिक गिटार घेतली. दुकानातली सगळ्यात स्वस्त. दुकानदार म्हणाला, आधी वाजवून बघा. मला रंगावरूनच कळतं. महागडी गिटार घेणारे मूर्ख. स्वस्तातली घ्यायची आणि सुधारायची.

६ जून, सकाळी
पहिला कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम. नुसती खरखर. दोष गिटारचा. बोटं सोलली. दोष तारांचा.

९ जून
सतरा व्हिडिओ बघितले. उपाय एकच, पिकअप बदला. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक, आवाज तेच पकडतं. बायकोला सांगितलं, चांगला पिकअप मागवतोय. चक्क खूश झाली. तेव्हाच संशय यायला हवा होता.

१३ जून
सासरे दोरखंड घेऊन हजर. बायकोने माहेरी कळवलं होतं, हे पिकअप घेतायत. त्यांना लोखंडी कपाट हलवायचंय. मी पार्सल उघडून काडेपेटीएवढा पिकअप दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, जावईबापू, यात कपाट कसं मावणार? या घरात कलेची कदर नाही.

१६ जून
रिपेअरवाल्याने पिकअप बसवला. म्हणे, मूळचाही बरा होता, हात बसवा. याला स्वतःचा धंदा कळत नाही. मी त्याला खुंट्या, तारा, त्या टेकतात तो ब्रिज, सगळंच बदलायला लावलं.

२४ जून
संकल्प: रोज एक तास सराव. आजचा तास खांद्याचा पट्टा निवडण्यात गेला. उद्या दोन तास.

२५ जून
नव्या तारा जरा रुळू द्याव्यात. सराव नाही.

२९ जून
एक कॉर्ड स्वच्छ वाजला! बायको आतून म्हणाली, आता दुसरा. या बाईला समाधान म्हणून नाही.

३० जून, दुपारी
साहेबांनी गाणं सांगितलं. त्यात चार कॉर्ड निघाले. मी माझा वाजवला. गाणं पुढे गेलं, मी तिथेच. मग चष्मिस. त्याच्या साध्या गिटारचा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचेना. साहेब मला म्हणाले, तुमची द्या त्याला. दिली. त्याने डोळे मिटले आणि वाजवली. सगळे उठून उभे राहिले. मीही राहिलो. माझी गिटार इतकी गोड वाजते हे मला माहीतच नव्हतं. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ७
साहेबांचा मेसेज आला. गिटारची निवड झाली आहे. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नऊला आणून द्यावी. मालकाने थांबायची गरज नाही.