बंडू कुत्र्याची सोय व सुरगाण्याची बदली

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
दारणाकाठ कालवे विभाग, नाशिक.

विषय : सुरगाणा येथील बदली रद्द करणेबाबत.
संदर्भ : मागील अर्जावरील आपला शेरा, "कुत्र्याची योग्य सोय लावून तात्काळ हजर व्हावे."

महोदय,

अर्जदार भिकन पुंजा अहिरे, लिपिक, हा विधुर असून सरकारी क्वार्टरमध्ये बंडू नावाच्या कुत्र्यासह राहतो. आपला शेरा शिरसावंद्य मानून त्याने कुत्र्याच्या सोयीची कसून चौकशी केली, ती अशी :

१. सुरगाण्यास कुत्रा नेता येत नाही. तेथील चौकीदाराची कुत्री बिबट्याने अंगणातून उचलली. चौकीदार हे हसत सांगत होता, म्हणून त्याच्या भरवशावर बंडूस सोडणे अर्जदारास धोक्याचे वाटले.

२. अर्जदाराची कन्या मैना सटाण्यास दिली आहे. जावई श्री. मल्हारी "आणा की" असे लगेच म्हणाले. इतक्या लगेच का, असा संशय येऊन अर्जदार समक्ष गेला. कांद्याच्या चाळीला आखूड साखळी आणि वर तापलेला पत्रा, अशी जागा काढून ठेवली होती. हरकत घेताच जावई म्हणाले, "मामा, कुत्रं शे ते, जवाई नही." अर्जदार न जेवता परतला.

३. राहता राहिले शेजारी श्री. रंगनाथ. हे आपल्याच आस्थापना शाखेत असून बदलीचा हुकूम त्यांनीच टाइप केला. त्यांच्या पत्नी सौ. पुतळाबाई वर्षभर बंडूस भाकरी, कधी दूधही घालतात. कुत्र्यावर डोळा ठेवून अर्जदारास डोंगरात धाडण्याचा हा घाट नसेलच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. करिता प्रस्तुत अर्ज त्यांच्या टेबलावरून जाऊ देऊ नये.

४. खात्रीसाठी अर्जदाराने कुत्रा त्यांच्याकडे ठेवला, सुरगाण्याच्या गाडीला जातो असे सांगितले, आणि समोरच्या पिठाच्या गिरणीत दबा धरून बसला. कुत्र्यास बांधले नाही. मारले नाही. ओट्यावर गोणपाट अंथरून दिले व त्यावर तो खुशाल झोपला. अर्जदाराच्या बंद दाराकडे त्याने वळूनही पाहिले नाही. हे सहन न होऊन अर्जदाराने हलकेच शीळ घातली. बंडू आला, पिठाने माखलेल्या पायजम्याचा वास घेतला, शेपूट हलवली, आणि पुतळाबाईंनी हाक मारताच परत गेला. त्या म्हणाल्या, "अहो अहिरेभाऊ, गाडी चुकली का? या, चहा घ्या." चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती, याचीही नोंद व्हावी.

५. सदर सोयीत खोट काढण्याचा अर्जदाराने पुष्कळ प्रयत्न केला, ती निघत नाही. तक्रार नेमकी हीच आहे. पत्नी कै. कुसाबाई वारल्यापासून ऑफिस सुटल्यावर कुलूप काढताना आतून कोणीतरी दार खरवडते, तेवढ्यासाठी अर्जदार घरी जातो. सुरगाण्याच्या खोलीत तसे कोणी नसेल, या विचाराने त्यास फार भीती वाटते.

आपल्या शेऱ्यात फक्त कुत्र्याच्या सोयीचा उल्लेख आहे. ती लागली. अर्जदाराची लागलेली नाही, सबब बदली रद्द व्हावी.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
भि. पुं. अहिरे
नाशिक, ९ मे १९७९