दिवे बंद करण्याचा पहिला मान

॥ श्री ॥

पावस,
१२ जुलै २०२५

चि. अपूर्वा हिस राजाभाऊमामाचे अनेक आशीर्वाद.

आमच्या घराण्याच्या वार्षिक पत्रिकेत, भाचरांसाठी राखलेल्या पानावर छापलेला 'वाडीने दिलेला श्वास' हा तुझा लेख मी दोनदा वाचला. एकदा मामा म्हणून आणि एकदा निवृत्त शिक्षक म्हणून. मामाला तो फार आवडला. शिक्षकाच्या हरकती पुढे देत आहे.

तू लिहितेस की, गेल्या गणपतीत विजेचा दाब उतरून तुझ्या आईचे (आमच्या आनंदीचे) प्राणवायूचे यंत्र कुरकुरू लागले, तेव्हा वाडीने आपण होऊन घरोघरचे दिवे बंद केले आणि तिला वीज मिळवून दिली. असे घडलेले नाही.

घडले ते असे. चाकरमानी मुंबईहून आले की आमच्या वाडीच्या रोहित्रावर (ज्याला वाडी 'डीपी' म्हणते) भार दुप्पट होतो. दिव्यांच्या माळा, मिक्सर, पंखे आणि गेल्या वर्षीपासून भागोजीच्या गौरवने आणलेले वातानुकूलन यंत्र. त्या संध्याकाळी प्राणवायूचे यंत्र सूचनेची शिटी देऊ लागताच रावजीच्या घरापुढच्या खळ्यात सभा भरली. समई आणि एक दिवा ठेवून बाकी सर्व बंद करायचे, असे एकमताने ठरले. आनंदीकाकूंसाठी एवढे करायलाच हवे, असे प्रत्येकाने दोनदा बजावले. मग सर्वजण घरी गेले आणि ओटीवर उभे राहून समोरच्याचे दिवे कधी बंद होतात ते पाहू लागले. रावजीचे म्हणणे, भागोजीची माळ अजून लुकलुकते आहे, ती जाऊ दे, मग माझी. भागोजीचे म्हणणे, रावजीने आधी करावे, सभा त्याच्या खळ्यात भरली होती.

तीस वर्षे मी दहावीच्या मुलांना नागरिकशास्त्रात अण्वस्त्रस्पर्धा समजावून दिली. परंतु फळ्यावर ती इतकी स्वच्छ कधी उमटली नव्हती. कोणाच्याही मनात पाप नव्हते. प्रत्येकजण दिवे बंद करण्यास तयार होता, केवळ दुसऱ्यानंतर.

अखेर निर्णय रोहित्राने घेतला. त्याचा फ्यूज उडाला आणि वाडी अंधारात बुडाली. नेमक्या त्याच वेळी तुझी रिक्षा वळणावर आली. घरोघरी फक्त समया तेवत असलेल्या पाहून तुझे डोळे भरून आले. त्या अश्रूंस माझी हरकत नाही, त्यांच्या कारणास आहे. आनंदी त्या वेळी सिलिंडरवर होती. तुझा असा समज झाला असेल, हे लेख वाचेपर्यंत आमच्या स्वप्नातही नव्हते.

लेखाच्या शेवटी तू म्हणतेस की, अशी वाडी पाठीशी असताना आईला मुंबईस नेण्याचा विचार तू सोडून दिला आहेस. सबंध लेखात मला अत्यंत प्रिय असलेले वाक्य हेच, आणि तेच खोट्या पायावर उभे आहे. मी गप्प बसलो असतो तर माझी बहीण माझ्या घरात राहिली असती. पण तू नसलेल्या भरवशावर निवांत राहावेस आणि यंदा सिलिंडर अपुरा पडावा, हे मला मान्य नाही.

आशीर्वाद आहेतच. पुढील लेख छापण्यापूर्वी मला दाखवलास तर त्यांत भर पडेल.

तुझा,
राजाभाऊमामा


मुंबई,
२० जुलै २०२५

ती. मामांस अपूर्वाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

स्वतःच्या बाजूने लागलेला निकाल केवळ चुकीच्या पुराव्यावर लागला म्हणून फिरवून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे, आणि तो दुर्दैवाने माझा मामा आहे. लेखाबद्दल मला दोनशे लोकांनी शाबासकी दिली होती. आता त्यांना काय सांगू? की माझी आई लोकांच्या माणुसकीवर नाही, उडालेल्या फ्यूजवर जगली?

थट्टा बाजूला ठेवते. तुमचे पत्र वाचून रात्री झोप लागली नाही. मी अणुवीज महामंडळात नोकरी करते. दिवसभर विजेच्या आकड्यांत असते. तुम्ही मला नेहमी चिडवता की तुझ्या अणूने आधी दोन शहरे जाळली आणि आता तो गौरवची खोली गार करायला निघाला आहे. असू दे. पण आईच्या उशाशी दाब टिकवणे माझ्या हातात नाही. इन्व्हर्टर दीड तास चालतो आणि दाब उतरला की नीट चार्जही होत नाही. सिलिंडर तुम्ही दोन आणून ठेवलेत, तरी ते भर पावसात रत्नागिरीहून आणायचे.

तेव्हा ठरवले आहे. गौरी-गणपती पाहिल्याशिवाय आई हलणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला तेव्हा रजा नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, मी गाडी घेऊन येते आणि आईला कायमची इकडे आणते. आमच्या इमारतीत वीज गेली तर अर्ध्या मिनिटात जनरेटर लागतो. तुम्हीही या. अकराव्या मजल्यावर दुरुस्त करण्यासारख्या अशुद्ध पाट्या पुष्कळ आहेत.

रागावू नका. १९९८ साली पोखरणच्या अणुचाचणीचा पेढा शाळेला परत करणारे तुम्ही. तत्त्वासाठी तोंडचा पेढा सोडलात, तशी माझ्यासाठी बहीण सोडा.

तुमची,
अपूर्वा

ता. क. यात किती चुका सापडल्या ते आईला सांगा, मला नको.


पावस,
१९ ऑगस्ट २०२५

चि. अपूस आईचे आशीर्वाद.

फोनवर चार वाक्ये बोलले की दम लागतो, कागदावर लागत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही मामाभाची मला फणसासारखी या घरातून त्या घरात पाठवायला निघालात. मला कोणी विचारले? तुझा जनरेटर चांगला असेल गो, पण अकराव्या मजल्यावर माझ्याशी वाकडे बोलायला कोण येणार? इथे सावित्री रोज सकाळी येते, माझी वेणी घालते आणि तासभर सासूला नावे ठेवते. तो अर्धा प्राणवायू समज.

तरी तुझे भय खरे आहे. गेल्या वर्षी ती शिटी वाजू लागली तेव्हा मीही घाबरले होते. कोणाला म्हटले नाही इतकेच.

तुझ्या मामाने ६ ऑगस्टला शाळेत हिरोशिमावर भाषण केले. तेवढ्याने भागले नाही म्हणून संध्याकाळी रावजीच्या खळ्यात पुन्हा केले. जपानवरून जो निघाला तो थेट आमच्या मिक्सरवर येऊन थांबला. लोकांनी हात जोडून ऐकले, चहा घेतला आणि घरी जाऊन टीव्ही लावला. मी त्याला म्हटले, दादा, तू लोकांना वाईट म्हणतोस तिथेच चुकतोस. ही माणसे वाईट नाहीत. पहिला दिवा बंद करणारा हरल्यासारखा दिसतो, एवढेच त्यांचे दुखणे.

पण हीच माणसे आरतीच्या पहिल्या मानासाठी कशी भांडतात ते तू लहानपणापासून पाहिले आहेस. वाडीची आरती घरोघर फिरते, आणि ती आधी रावजीकडे की भागोजीकडे, यावर त्यांच्या आज्यांपासून वाद आहे. आता आलटून पालटून वर्षे वाटली आहेत, यंदा भागोजीची पाळी. काल सावित्री वेणी घालत होती तेव्हा मी सहज म्हटले, की ज्याच्या घरी पहिली आरती, त्याच्याच घरच्या माळा पहिल्या बंद व्हायच्या. बाकीच्यांनी त्यानंतर, आरतीच्याच क्रमाने. मानाच्या घराचा तो हक्क, दुसऱ्याने आधी करायचे नाही. सावित्रीने विचारले, अशी रीत आहे होय? मी म्हटले, आता आहे.

सावित्री रावजीची सून. दुपारपर्यंत वाडीभर झाले असेल. काय होते ते बघू. दादाला यातले काही ठाऊक नाही, तो रीतीचा पुरावा मागेल.

जेवत जा वेळेवर.

आई


॥ श्री ॥

पावस,
३ सप्टेंबर २०२५

चि. अपूर्वा हिस अनेक आशीर्वाद.

काल गौरींबरोबर घरचे गणपती गेले. घडले ते क्रमाने लिहितो. पुढच्या पत्रिकेसाठी लेख लिहायचा झाल्यास यावरूनच लिही.

चतुर्थीच्या संध्याकाळी भागोजीकडे पहिली आरती व्हायची होती. आरतीपूर्वी त्याने खळ्यात उभे राहून, चारचौघांसमोर, गौरवकडून घरची सगळी लायटिंग बंद करवली आणि मिशीवर हात फिरवला. मला हा काय प्रकार आहे ते कळेना. तेवढ्यात ओरड झाली की रावजीच्या घरी अंधार आहे. रावजीने पाव तास आधीच माळा बंद करून पहिला मान पळवला होता! आरती बाजूला राहिली आणि भांडण जुंपले. भागोजीने विचारले की रीतभात काही आहे की नाही. रावजीने सांगितले की फ्यूजची काळजी वाटली, मानाचे त्याच्या मनातही नव्हते. यावर वाडी इतकी हसली की गणपतीलाही हसू आवरले नसेल.

दुसऱ्या दिवशी भागोजीने दिवेलागणीलाच माळा बंद केल्या. तिसऱ्या दिवशी रावजीने त्या लावल्याच नाहीत. मग बाकीच्या घरांनाही राहवेना. आमचा क्रम सातवा असला तरी आम्ही काही कमी नाही, असे म्हणत लोक पंखे बंद करून ओटीवर वारा घेत बसू लागले. गौरवचे वातानुकूलन यंत्र त्याच्या आजीने कापडात गुंडाळून ठेवले; वाजतगाजत आलेल्या पाहुण्यांना ते गौरीचे मखर वाटले. गौरीच्या दिवशी तर अंधार इतका झाला की नैवेद्याचे ताट घेऊन येणारी सावित्री पायरीवर अडखळली आणि घावने खळ्यात गेली. शेवटी मला मध्यस्थी करून वळणावरचा एक दिवा सक्तीने लावायला लावावा लागला. विजेची बचत करा असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसावर दिवा लावा म्हणून विनवण्याची वेळ आली, याची नोंद घ्यावी.

याला निःशस्त्रीकरण म्हणता येणार नाही. ही स्पर्धाच होती. फक्त तिची दिशा उलटी होती. राष्ट्रांना अशी उलटी दिशा कोण देईल ते मला सांगता येत नाही. त्यांच्यात आनंदी नाही.

या सर्व दिवसांत यंत्राची शिटी एकदाही वाजली नाही. दोन्ही सिलिंडरचे सील शाबूत आहे. तुझी आई आरतीच्या वेळी खिडकीशी बसून अंधाराकडे पाहत होती आणि कोणते घर आधी गेले ते मला सांगत होती. रीत कोठून आली असे मी विचारले तेव्हा तिने मला पुरावा मागू नये असे बजावले. मी मागितला नाही. हे माझ्या हातून प्रथमच घडले.

आता उलट बाजूही लिहिली पाहिजे. आजपासून माळा पुन्हा लागल्या आहेत, कारण आज कोणाचाच मान नाही. चाकरमानी परतल्यामुळे भार उतरला आहे, एवढेच. वाडी सुधारली, असे लिहू नये. परंतु भार पुन्हा चढेल तो शिमग्याला, आणि शिमग्यात दिवे बंद करण्याचा पहिला मान कोणाचा, यावरून रावजी आणि भागोजी आज सकाळपासून एकमेकांशी बोलत नाहीत. मी पुष्कळ ठराव पाहिले आहेत. त्या सर्वांपेक्षा या अबोल्यावर माझा अधिक विश्वास आहे.

माया ठेवावी आणि खाली दिलेले शुद्धिपत्र जपून ठेवावे.

तुझा,
राजाभाऊमामा

तारखांची दुरुस्ती

१. रोहित्राचा फ्यूज उडाला तो दिवस: लेखात 'गणेश चतुर्थी' छापले आहे. शुद्ध: ऋषिपंचमी, ८ सप्टेंबर २०२४.

२. पोखरणची पहिली चाचणी व पेढा: पत्रात '१९९८' लिहिले आहेस. चाचणी १८ मे १९७४ ची. तेव्हा शाळेस सुट्टी असल्याने पेढे जूनमध्ये वाटले गेले. मी पेढा परत केला नव्हता. खाल्ला होता, निषेध त्यानंतर नोंदवला. १९९८ साली मला कोणी पेढा दिलाच नाही.

३. दिवे बंद करण्याच्या मानाची रीत: भागोजी ती आजोबांच्या काळातली सांगतो. शुद्ध: १८ ऑगस्ट २०२५, सकाळी, वेणी घालताना (हे सावित्रीने आपण होऊन सांगितले).

४. आनंदीस मुंबईस नेण्याचा दिवस: पत्रात '७ सप्टेंबर' आहे. तुझ्या आईने हे पत्र वाचून मला सांगितले आहे की, ही तारीख काढून टाकावी. तिच्या जागी दुसरी घालू नये.