अंजलीच्या अर्जात माझं नाव

१५ एप्रिल २०२५, मंगळवार

तीस जून. आजपासून शहात्तर दिवस.

काल जयंतीत ओरडून ओरडून घसा बसलाय. त्यात आज चार वाजता अंजलीचा फोन. तिकडं ॲडलेडला तवा रात्रीचे आठ झालेले असतात, दवाखान्यातली नर्सची ड्युटी करून, जेवून बसलेली असती ती. आन् माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात नेमकी त्याच टायमाला गर्दी. म्हणली, माझ्या व्हिसाची मुदत तीस जूनला संपती, त्याच्या आत नवा अर्ज टाकायचाय. त्याच अर्जात नवऱ्याचं नाव घालता येतं. आता ऱ्हायलं तर मागून वेगळं प्रकरण करावं लागंल, त्यात वर्ष-दीड वर्ष जाईल.

मग म्हणली, "तुमाला यायचंच असंल तर घालते."

समोर दोघंजण बोअरची जळालेली मोटर खांद्यावरून उतरवत होते. मी म्हणलो, "हं. घाल."

फोन ठेवल्यावर तार हातात धरून नुसताच बसलो. वीस महिने झाले तिला जाऊन. यायचंच असंल तर म्हणती! मला दुसरं सुचतंच कुठं काय. पण हे बोलायचं कुणाला? म्हणून ही वही.

१८ एप्रिल

व्हिसाच्या एजंट मॅडम संभाजीनगरच्या हायत, दीपमाला नाव. फोनवर यादी सांगितली. लग्नाचं सर्टिफिकेट हाय. बाकी — एका पत्त्यावर राहत होतो ह्याचा पुरावा, दोघांचे फोटो, एकमेकांना केलेले मेसेज.

माझ्याकडं एकबी मेसेज न्हाई. रोज दुकान बंद करताना मी सगळे पुसून टाकतो. कावून? तर घरी गेलो की दादा फोन घेतात. माझे वडील, बन्सीदादा. त्यांना भीमगीतं बघायची असतात. चष्मा कपाळावर, बोट कुठंबी दाबतात. एकदा अंजलीचा मेसेज त्यांनी मोठ्यानं वाचला — "आज तुमची लई आठवण आली." वाचून झाल्यावर म्हणले, "हे तुला हाय वाटतं." त्या दिवसापासून मी पुसायलोय. बापासमोर बायकोचं बोलणं उघडं पडावं, असं आमच्यात कुणालाच सोसत न्हाई.

आता तिकडचा व्हिसाचा साहेब म्हणतोय दाखवा.

१९ एप्रिल

लग्नाचा अल्बम काढला. तीनशे बारा फोटो. सगळ्यात गर्दी. माझ्या आन् तिच्या मधे कुणी ना कुणी हायच — मावशी, मेहुणी, सरपंच. दोघंच असलेला एकच फोटो सापडला, त्यात मधे केक. मी केककडं बघतोय, ती माझ्याकडं.

हे मला आज दिसलं. तीन वर्षं अल्बम कपाटात होता.

२१ एप्रिल

फोन न्हाई आला. डबल ड्युटी असंल.

२६ एप्रिल

अंजलीनं तिच्या फोनमधले मेसेज पाठवले. सगळेच्या सगळे ठेवलेत तिनं! पहिल्या दिवसापासूनचे. दुपारी शटर अर्धं ओढलं आन् वाचत बसलो.

तिचे मेसेज लांबच्या लांब. तिकडं संध्याकाळी पाचला दुकानं बंद होतात. रस्त्यावर माणूस दिसत न्हाई. भाकरीसाठी ज्वारीचं पीठ दोन बस बदलून आणलं. दवाखान्यातला एक म्हातारा रोज तिला त्याच्या मुलीच्या नावानं हाक मारायचा, तो तिचा हात धरूनच वारला, त्या दिवशी तिनं अख्खं पान भरून लिहिलंय.

त्याच्याखाली माझं उत्तर — "अरेरे."

वर-खाली करून बघितलं. माझी उत्तरं म्हणजे हं. बरं. जेवलीस का. दुकानात हाय. बरं. वीस महिने हेच. तवा वाचताना मला सगळं कळत होतं, पण समोर माणसं बसलेली, हाताला वार्निश. म्हणायचो, निवांत लिहू. निवांत झालो की पुसून टाकायचो.

दीपमाला मॅडमला पाठवले. त्यांनी फोन केला. आवाजात हसू दाबलेलं कळत होतं. "सर, राग मानू नका. अंजली मॅडमच्या बाजूनं नातं दिसतं. तुमच्या बाजूनं कस्टमर केअर बोलतंय असं वाटतं."

राग आलाच. पण बाई खोटं बोलली न्हाई.

३ मे

पत्त्याचं घोंगडं वेगळंच. चौदा महिने अंजली ह्या घरात नांदली, गल्लीतलं शेंबडं पोर सांगंल. पण कागद म्हणतो ती तेलगावला आईकडं राहती. तिचं नाव अजून माहेरच्याच रेशन कार्डावर. लग्नानंतर नाव कमी करून सासरच्या कार्डावर चढवायचं असतं. पण आमच्याकडं कुणी लगेच करत न्हाई. माहेरचं धान्य कमी होतं, म्हणून पोरीचं नाव राहू देतात. आमीबी राहू दिलं. चांगुलपणा केला असं वाटलं होतं.

उद्या तेलगावला जावं लागतंय.

४ मे

सासूबाई, मनकर्णाबाई. एकट्याच राहतात. जाताच पाणी दिलं, भजे तळायला बसल्या. मी कार्डाचं काढलं तसा झारा कढईतच ऱ्हायला.

मी म्हणलो, धान्याचं मी बघतो, दर महिन्याला पोतं आणून टाकतो.

"धान्याला काय आग लावायची?" असं म्हणल्या. "महिन्याला रेशनचा दुकानदार नाव वाचतो. मनकर्णा, अंजली. तेवढंच कानाला बरं वाटतं. नाव कापलं की पोरगी गेलीच म्हनायची."

मी म्हणलो, "भजे जळायलेत."

अर्ध्या घंट्यानं त्यांनीच कार्ड आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. कुठं अंगठा लावायचा विचारलं. सही येती त्यांना, अंजलीनंच शिकवलीय, तरी अंगठा म्हणल्या. जीपमधे बसेपर्यंत दारात उभ्या होत्या. मला लई वाईट वाटलं, आन् त्यांना तसं सांगावं हे जीप निम्म्या रस्त्यात आल्यावर सुचलं. हे असंच हाय माझं.

१९ मे

तेलगावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मिळाला होता, आज आमच्या केजच्या तहसीलातून नवं कार्ड. बन्सी, नवनाथ, अंजली. दुकानात आणून पाशाभाईला दाखवलं. पाशाभाईचं टायर-पंक्चरचं दुकान माझ्या दुकानाला लागून, पंधरा वर्षांचा शेजार. तो म्हणला, "मुबारक बे. बायको न्हाई, नाव तर आलं घरी."

दादांनी कार्ड दोनदा वाचलं आन् गौतम बुद्धांच्या फोटोखाली ठेवलं.

२१ मे

मॅडम म्हणतात, कार्ड चालंल, पण तारीख परवाची. तुमी चौदा महिने एकत्र होता हे त्यातून दिसत न्हाई. शेजाऱ्यांचे जबाब घेऊ. पण मुख्य भार आता एकाच कागदावर — नवऱ्याचं निवेदन. कसे भेटलो, कसे राहिलो, एकमेकांसाठी काय वाटतं. माझ्या शब्दांत. "मराठीत लिहा, इंग्रजी मी करते. आन् सर, हं-बरं लिहू नका."

२४ मे

लिहायला बसलो. "माझे लग्न दिनांक २२ मे २०२२ रोजी बौद्ध पद्धतीने झाले." पुढं काय न्हाई.

२९ मे

"ती स्वभावाने चांगली आहे." खोडलं. शोकसभेत बोलल्यासारखं झालं.

२ जून

पाशाभाईनं विचारलंच, "जाऊन करणार काय बे तिथं? बायकोच्या कमाईवर बसणार?" दुसरा कुणी म्हणला असता तर पकड फेकून मारली असती. म्हणलो, मोटरी तिथंबी जळतच असतील. तो म्हणला, "मग जा. हिथं तरी कुठं असतोस तू? दोन वर्षं झाली, तू दुकानात बसतो आन् ध्यान घड्याळात." एवढं बोलून चहा सांगायला गेला.

५ जून

अंजलीचा फोन. किती झालं लिहून, विचारलं. मी म्हणलो, चाललंय. ती म्हणली, "नसंल जमत तर राहू द्या. मी एकटीचाच टाकते." रागावून न्हाई म्हणली. नुसतं म्हणली. तेच लई लागलं.

पंचवीस दिवस.

८ जून

दादांना सांगितलं, नाव लागलं तर मला जावं लागंल, तुमचं कसं? चष्मा कपाळावर घेऊन म्हणले, "मी काय कुकुलं बाळ हाय का? माझी बहीण अक्का हाय बार्शीला, येईल ऱ्हायला." मग जरा वेळानं — "तुझी आई असताना मी चार महिने ऊसतोडीला गेलतो, कर्नाटकात. परत आल्यावर ती आठ दिवस बोलली न्हाई. कावून ते मी इचारलंबी न्हाई." आई जाऊन पाच वर्षं झाली. हे दादा पहिल्यांदा बोलले.

१४ जून

आज शटर पूर्ण खाली ओढलं. आतून. गिऱ्हाईक ठोकून गेले, उठलो न्हाई. चार पानं झाली. काय लिहिलं ते हितं थोडं उतरवून ठेवतो, न्हाईतर उद्या मलाच खरं वाटायचं न्हाई.

लिहिलं की मोटर भरताना तारेचे वेढे मोजावे लागतात, आन् कुणी बोललं की माझी मोजणी चुकती. लग्नानंतर अंजली दुपारी डबा घेऊन यायची, आन् मी जेवायला उठेपर्यंत समोर स्टुलावर बसून वेढे मोजायची. मोठ्यानं. मी फक्त तार फिरवायची. त्या चौदा महिन्यांत एकबी मोटर बिघडून परत आली न्हाई. ती गेल्यावर मोजायचं मशीन आणलं. मशीन बरोबर मोजतं. पण सत्तरच्या पुढं गेलं की मी अजून मान वर करून समोरच्या स्टुलाकडं बघतो.

लिहिलं की तिला झोपेत बोलायची सवय हाय, हितल्या दवाखान्यात होती तवा पेशंटला दटावायची. तिला पिकलेलं सीताफळ लागतं आन् बिया ती ताटाच्या कडंला ओळीनं लावती. चिडली की भांडत न्हाई, भांडे घासती. दोनदा घासलेले भांडे पुन्हा घासताना मी तिला बघितलंय आन् कधी विचारलं न्हाई की काय झालं.

लिहिलं की माझ्या फोनवर केजच्या हवामानाखाली ॲडलेडचं हवामान असतं. पहाटे उठून मी आधी तिथलं बघतो. तिथं गारठा असला की मला दिवसभर तिच्या पायांची काळजी लागती, तिचे पाय थंडीत फुटतात.

शेवटी लिहिलं — मला ती लई आवडती. पहिल्या दिवसापासून आवडती. हे मी तिला कधी म्हणलो न्हाई, कारण म्हणायची गोष्ट हाय असं मला वाटलं न्हाई. तिच्याशिवाय मला करमत न्हाई. घरात, दुकानात, जयंतीच्या गर्दीत, कुठंच करमत न्हाई. मला तिच्याजवळ राहायचंय, मग तो देश कुठलाबी असू द्या.

सही केली. शटर वर केलं तर पाशाभाई दारात. माझं तोंड बघून त्यानं पाणी दिलं.

१६ जून

पानं मॅडमला पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन. म्हणल्या, "सर, हे मी आज रात्रीच इंग्रजी करते." मी म्हणलो, मराठीतलं अंजलीला दाखवू नका. लाज वाटती. त्या म्हणल्या, इंग्रजी तर त्यांना वाचावंच लागंल, अर्ज त्यांचाय.

२२ जून

पाशाभाईचा आन् घरमालकाचा जबाब गेला. पाशाभाईनं लिहून दिलंय, "भाभीच्या मोजण्याचा आवाज माझ्या दुकानात यायचा."

२५ जून

तीन दिवस झाले, अंजलीचा फोन न्हाई. मॅडम म्हणतात कागद तिच्याकडं पोचलेत. चार वाजले की फोन समोर ठेवतो. आज एकाची मोटर उलटी जोडून दिली.

पाच दिवस ऱ्हायले.

२७ जून

अर्ज गेला! मॅडमचा मेसेज. तीन दिवस शिल्लक ठेवून गेला. आत माझं नाव हाय — नवनाथ, पती. आता निकाल यायला काही महिने, पण मुदतीच्या आत गेला. दादांनी पेढे आणले. मी सासूबाईंना फोन केला, आन् ह्या वेळेला न विसरता बोललो, की त्या दिवशी तुमाला वाईट वाटलं, मलाबी वाटलं. त्या म्हणल्या, "येवढं म्हणायला लेकरा दोन महिने लागले का?"

मेसेज पुसला न्हाई.

३० जून, सोमवार

पहाटे सहालाच अंजलीचा फोन. दादा झोपलेले. इंग्रजी वाचून तिला खरंच वाटंना, मॅडमनं रचलं असं वाटलं, म्हणून तिनं मूळ पानं मागवून घेतली. काल मिळाली. रडत होती. म्हणली, "जायच्या आधी मी तीनदा विचारलं होतं, जाऊ का? तिन्ही वेळेला तुमी म्हणले, तुझं तू बघ. ह्यातलं एक वाक्य जरी तवा बोलले असते, तर मी गेलेच नसते."