ओकची पानं

प्रिय बोग्ना,

पिंप निम्मं भरलं होतं आणि तुझ्या लेकीने एकदम हात मागे घेतला. लसूण, शेपूचे तुरे, वर काकड्यांचा थर, असं छान चाललं होतं. म्हणाली, "आजी, उरलेलं तू भर. माझी पाळी आलीय." पहिलीच. काळजी करू नकोस, हवं ते सगळं दिलं तिला, पोट शेकलं. पण पुढे ती म्हणाली, "आईचाही हात नासका आहे. म्हणून आमच्याकडे काकड्या दुकानातून येतात." आपण डावखुरे आहोत असं सांगावं, तसं सांगितलं तिने.

हे सोमवारचं. आज शुक्रवार आहे.

बाकी सगळं ठीक. नारेव नदीला पाणी कमी आहे. यागोदा उंच झाली, बापासारखी, आपल्या विटेकसारखी चालते. अर्ध्या मुरलेल्या काकड्या उभ्या उभ्याच खाते, पावावर डुकराची चरबी फासून. परवा काकडीचं सूप केलं तर पातेलं पुसून खाल्लं. म्हणाली, "आईचं सूप असं आंबट होत नाही." मी म्हटलं, दुकानातल्या खाराचं कसं होईल.

नऊ वर्षांपूर्वी तूही मला हेच सांगितलं होतंस, की आई, माझी पाळी आहे, मी पिंपाला हात लावत नाही. मी काय म्हटलं होतं ते तुला आठवत असेल. "काकड्या थांबत नाहीत. लाव हात." तू लावलास. पिंप बंद झालं, हिवाळाभर मुरायला नदीच्या तळाशी गेलं.

एप्रिलमध्ये बाहेर काढलं तेव्हा अर्धं गाव काठावर होतं. व्यापाऱ्याने एक काकडी चावली आणि थुंकली. "बाई, ही मऊ काकडी दात नसलेल्यांसाठी ठेवा." लोक हसले. मी म्हटलं, "सुनेचा हात लागला. तिचे दिवस होते." शेजारची लेओकादियाही तिथेच होती. तुझ्या हातात दोर होता. तो तू खाली ठेवलास आणि घरी गेलीस. मे महिन्यात तुम्ही शहरात राहायला गेलात. जाताना तू माझ्याशी भांडून काही बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

आता ऐक. त्या वर्षी पिंप बुडवून आठवडा झाला तेव्हा गोठ्यात, पालथ्या बादलीखाली, मला ओकची पानं सापडली. मीच तोडून ठेवलेली. तळाशी आणि वर पानं घालायची, हे माझं काम होतं. ती नसली की काकडी मऊ पडते, हे इथे पोरालाही कळतं. मी ती पानं चुलीत घातली. मग सगळा हिवाळा तू माझ्यासमोर बसून जेवलीस. मला ठाऊक होतं. काठावर तोंड उघडलं तेव्हाही ठाऊक होतं.

सोमवारी हे मी यागोदाला सांगितलं. तिने विचारलं, "आईला सांगितलंस?" म्हटलं, नाही. "का?" मी लसूण सोलत राहिले. मग तिने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून पिंप भरलं. पानं मी तिच्याच हातात दिली. तेव्हापासून रोज विचारते, "लिहिलंस?" वहीतला कागदही तिनेच फाडून दिला. तुझ्या हातात काही दोष नाही, बोग्ना. कधीच नव्हता. एप्रिलमध्ये पिंप निघेल तेव्हा ये. पहिली काकडी तू चाव. जे सगळ्यांसमोर बोलले, ते सगळ्यांसमोर परत घेईन. नाही आलीस तरी घेईन.

तुझीच,
सासू गेनोवेफा

शनिवार सकाळ. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं, म्हणून लिहिते. पिंप नदीत सोडलं. दोर यागोदाने धरला होता. लेओकादिया काठावर कपडे धूत होती, तिला तिथेच सांगून टाकलं. ती म्हणाली, "नऊ वर्षं लागली तुला, गेनिया," आणि पिळलेली चादर बाजूला ठेवून यागोदाबरोबर दोराला हात लावला.